आधी पाड्यावर, मग इंटरनेटवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदिवासी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, गाणी, आठवणी मोबाइलवर टिपा आणि ताबडतोब इंटरनेटवर टाका, असं आवाहन करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे. माणसं जाताहेत हेही खरं. पण त्यातल्या 'ताबडतोब' या शब्दापाशी मी अडले आणि हे पत्र लिहायला बसले. मी कोकणा या आदिवासी समाजातली. जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे. गेली नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करते. ताबडतोब टाकलेल्या एका रेकॉर्डिंगचं पुढं काय झालं, ते मी माझ्याच घराच्या ओट्यावर पाहिलं आहे.

आमच्याकडे थाळीवर कथा सांगतात. काशाची थाळी समोर ठेवायची, तिच्या मध्यावर मेणाचा गोळा चिकटवायचा, त्यात लांब काडी उभी रोवायची आणि बोटं त्या काडीवरून वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमू लागते. त्या घुमाऱ्यावर थाळकर कथा लावतो, आणि शेजारी बसलेला एक जण ओळीओळीला हुंकार देतो. कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची कथा अशीच सांगतात. काही कथा मात्र माणूस गेल्यावर, दिवसकार्याच्या रात्रीच सांगायच्या. एरवी त्या तोंडातून काढायच्या नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझे आजोबाच थाळकर होते.

तरीही २०१९ साली शेजारच्या पाड्यावर अशा एका रात्री मी फोन चालू केला. थाळकर बाबांना आधी विचारलं होतं, "रेकॉर्ड करू का?" ते म्हणाले, "कर ना, बाय." चौदा मिनिटांचा तुकडा मी नेटवर टाकला. चांगलं काम केलं असंच वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात माझा भाचा ओट्यावर बसून तो फोनवर ऐकत होता. आत आत्या नागलीचं पीठ चाळत होती. ती हातातली चाळणी तशीच घेऊन बाहेर आली. चेहरा पार उतरलेला. म्हणाली, "कोन मेला?"

कोणी नाही, व्हिडिओ आहे, असं भाचा म्हणाला. आत्या जरा वेळ उभी राहिली. मग विचारलं, "कोनी मेला नाय, तर हे कशाला लावलंय?" मला उत्तर देता आलं नाही. आत्या त्या रात्री जेवली नाही.

मी तो व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. पण तोवर दोघांनी तो उतरवून घेतला होता. एकाने तो आपल्या चॅनेलवर चढवला, वर 'खतरनाक आदिवासी मंत्र' असं शीर्षक दिलं. मी तक्रार केली. ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमचा आहे याचा पुरावा द्या, असं उत्तर आलं. काय पुरावा देणार? थाळकर बाबांना मी एक प्रश्न विचारला होता, दुसरा विचारलाच नव्हता. 'रेकॉर्ड करू का' आणि 'जगाला ऐकवू का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाबांनी पहिल्याला हो म्हटलं होतं. दुसऱ्याचं उत्तर मी माझ्याच मनाने देऊन टाकलं.

आता दुसरी बाजू सांगते, कारण रेकॉर्डिंग करू नका असं म्हणणारी मी नाही. साधारण १९९१-९२ची गोष्ट. शहरातून एक संशोधक आमच्या पाड्यावर आले होते. सज्जन माणूस. आमच्याच घरी उतरले, आईने केलेली नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी आवडीने खायचे. तीन रात्री आजोबा त्यांच्यापुढे थाळीवर बसले. सहा कॅसेटी भरल्या. मी तेव्हा शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. कॅसेट संपली की दुसरी बाजू लावायचं काम माझ्याकडे होतं. जाताना ते म्हणाले, कॉपी करून पाठवतो. आजोबा दोन पावसाळे वाट पाहत होते. तालुक्याला कोणी निघालं की विचारायचे, पोस्टात काही आलंय का बघ. मग ते गेले. त्यांना येत असलेल्या कथांपैकी निम्म्यासुद्धा आज आमच्या पाड्यावर कोणाला येत नाहीत. त्या कुठल्या तरी कपाटात असतील, नाही तर पट्टीला बुरशी लागून संपल्या असतील. त्या माणसाने चोरी केली असं मी म्हणत नाही. त्यांनी आमच्या कथा टिकवल्या असतील, आमच्यासाठी मात्र त्या गेल्याच.

हे आजचं नाही. आमच्या जव्हार संस्थानाची स्थापना कशी झाली याची एक गोष्ट इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. कोळी सरदाराने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळाल्यावर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढून घेतला. साहेबाने ही गोष्ट लिहिताना लगेच कार्थेजच्या डायडो राणीची आठवण काढली, कारण तिचीही अशीच गोष्ट आहे. पण ही गोष्ट सांगितली कोणी? कोळ्याने सांगितली की वारल्याने? जमीन मिळाली त्याच्या नातवाने की गेली त्याच्या? ते कुठेच नाही. ज्याच्या तोंडून ऐकली त्याचं नाव लिहावं असं साहेबाला वाटलंच नाही. आज नेटवर शोधलं तर आमच्या भागातले शेकडो व्हिडिओ सापडतात. 'आदिवासी लोकगीत', 'ट्रायबल डान्स', 'जंगलातील आजीचं गाणं'. आजीला नाव नाही, पाड्याला नाव नाही, गाणं कोकणी, म्हणजे आम्हा कोकणांच्या बोलीतलं, की वारली की ठाकरी याचा पत्ता नाही. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. कॅमेरा चांगला आहे, आवाज स्वच्छ आहे, पण माणूस निनावी.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं, आणि आपल्याच महाराष्ट्रात ते झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. हजारावर गावं. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. ओवीबरोबर ती गाणारीचं नाव आहे, गाव आहे. त्या बायका बहुतेक आदिवासी नव्हेत, पण पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्या आईची ओवी तिच्या नावाने लेकीला सापडते.

नाव असण्याला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे, आणि तो थेट सातबाऱ्यापर्यंत जातो. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, १३व्या नियमात, कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील ते दिलं आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं कथन, लेखी उतरवून घेतलेलं, हाही पुरावा आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडच्या इतिहासाला सरकारने कागदाच्या रांगेत बसवलं. ही साधी गोष्ट नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गित्क्सान आणि वेट्सुवेटेन या तिथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीच्या खटल्यात १९९७ साली असंच सांगितलं, की मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने जागा द्यायला हवी. खालच्या कोर्टाने त्यांच्या गाण्यांना आणि वंशकथांना पुरेशी किंमत दिली नव्हती.

आमच्याकडे दाव्यांचं काम चालू होतं तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बसून मी अशी कथनं लिहून दिली आहेत. एक बाबा आठवतात. चाळीसएक मिनिटं बोलले. वाघोबाच्या दगडापासून सुरुवात केली. मग नाल्यावरचा आंबा, तो कोणाच्या जन्माच्या साली लावला. कुठल्या साली नागली, कुठल्या साली वरई. राब भाजायला गेलं म्हणून फॉरेस्टच्या शिपायाने कोंबड्या नेल्या ते साल. एकसाली प्लॉटाच्या पावत्या होत्या, त्या घर जळालं त्यात गेल्या. मी लिहीत होते. दाव्यात मात्र शेवटी उतरलं ते एवढंच: 'सदर जमीन माझ्या माहितीप्रमाणे चाळीस वर्षांपासून कसत आहेत.' ठरलेला मजकूर होता, त्याच्या बाहेर जायला जागा नव्हती. बाबांचा अंगठा घेतला. ती चाळीस मिनिटं हवेत गेली. त्या वेळी हातातला साधा फोनही मला सुचला नाही, ही रुखरुख आहे. आज ते असते तर मी सगळं रेकॉर्ड केलं असतं.

पण नेटवर टाकलं असतं का? नाही. त्यात त्यांनी शिपायाचं नाव घेतलं होतं, शेजाऱ्याशी बांधावरून झालेलं भांडण सांगितलं होतं, कुठल्या साली किती झाडं तोडून जमीन साफ केली तेही सांगितलं होतं. त्यातला काही भाग प्रांतसाहेबांसाठी, काही नातवंडांसाठी, काही कोणासाठीच नाही, नुसतं मन मोकळं केलेलं. एकाच रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं एकात एक मिसळलेलं असतं. अपलोडचं बटण त्यातलं काहीही वेगळं करत नाही.

औषधांचं तर विचारूच नका. भगत किंवा सुईण बोलता बोलता सांगून जाते, अमक्या टेकडीच्या उतारावर अमकी मुळी मिळते, बाळंतिणीला देतात. तिचा आवाज, टेकडीचं नाव, कॅमेऱ्यात पान. मग मुळी खणून नेणारे येतात. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान गावानेच लिहून ठेवायची लोकजैवविविधता नोंदवहीही त्याच कायद्याखाली आली. व्हिडिओ काढणाऱ्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं आणि त्याला कोणी सांगतही नाही.

कायद्याने आवाज कोणाचा, हेही मी तक्रारीच्या निमित्ताने वाचून काढलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते मुद्रण करवणारा, निर्माता. प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं तो हक्क चालतो. गाणाऱ्याला किंवा सांगणाऱ्याला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे, तो पन्नास वर्षांचा. आणि ज्या पाड्याने, ज्या कुळाने ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याला? काही नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. चित्राच्या मागे जी गोष्ट आहे, लग्नात भिंतीवरच्या चौकाच्या चित्रापुढे धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, जी गाते, तिला तसलंही संरक्षण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात मौखिक परंपरा जपण्याचा, ती आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, भारताने त्याच्या बाजूने मतही दिलं. त्याचा कायदा मात्र अजून झालेला नाही.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र हातात आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा म्हणतो की आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. आणि पेसात गाव म्हणजे महसुली गावच नव्हे, पाडाही आपली वेगळी ग्रामसभा भरवू शकतो. जमीन, रेती, तेंदूपानं यांसाठी हा कायदा आठवतो. आवाजासाठी का आठवू नये? आमच्या पाड्यावर २०२१ पासून आम्ही तसं करतो आहोत. कोणी बाहेरून रेकॉर्डिंगला आलं की पाड्याच्या बैठकीत विषय निघतो. कोण आलंय, कशासाठी, कॉपी कधी देणार, नेटवर जाणार का. वहीत लिहितो. सांगणारा हो म्हणाला आणि पाडा नाही म्हणाला, असं दोनदा झालं. उलटही झालं: भगताने नको म्हटलं, पोरं म्हणाली टाका. तेव्हा भगताचं ऐकलं. वाद होतात, रात्री उशीर होतो, पाहुणे कंटाळतात. एका संस्थेचे लोक तर इंग्रजी छापील फॉर्म घेऊन आले होते, सही झाली की झालं असा त्यांचा समज. तो फॉर्म मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवला, मग एक म्हातारी बाई कोकणीत बाकीच्यांना सांगत गेली. त्यात 'जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द होते. 'कायमस्वरूपी' म्हणजे काय असं एकीने विचारलं. म्हटलं, तू मेल्यावरसुद्धा. ती म्हणाली, मेल्यावर माझी पोरं सांगतील ना, त्यांना विचारा. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही पेनाने लिहिला.

ऑस्ट्रेलियात वारुमुंगु लोकांनी विद्यापीठातल्या माणसांना बरोबर घेऊन मुकुर्टू नावाची मोफत संगणक प्रणाली बनवली, तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मुकुर्टू म्हणजे पवित्र वस्तू ठेवायची त्यांची पिशवी. कोणती गोष्ट सगळ्यांना दिसेल, कोणती फक्त बायकांना, कोणती त्या घराला, गेलेल्या माणसाचा फोटो दाखवायचा की झाकायचा, हे तिथे समाज ठरवतो आणि प्रणाली तसं चालते. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही. हे सगळं जगासाठी खुलं असलंच पाहिजे, हा आपला हट्ट आहे. आमच्या माणसांनी तो कधी धरला नव्हता. आमच्याकडे ज्ञान खुलंच असतं, पण वेळेवर, जागेवर, बसून ऐकणाऱ्याला.

वेळेचं एक उदाहरण देते. तारपा, हे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, नवं भात आल्यावर वाजतो. पेरणीपासून कापणीपर्यंत तो आढ्याला टांगलेला असतो. आणि जागतिक आदिवासी दिन येतो ९ ऑगस्टला, ऐन पावसात, शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकती झालेली. त्या दिवशी सगळीकडून मागणी येते, तारप्याचा व्हिडिओ पाठवा. पोरं वाजवतात, मलाही त्या दिवसाचा अभिमान आहे, मी मुलांना घेऊन जाते. पण आमच्या शेजारचे तारपावाले बाबा त्या दिवशी वाजवत नाहीत. ते नाही म्हणतात तेव्हा कॅमेरेवाल्यांना वाटतं, पैसे हवेत. त्यांना पैसे नको असतात, भात अजून पोटरीलाही आलेलं नसतं. खरं म्हणजे त्यांचा तो नकारच रेकॉर्ड करून ठेवण्यासारखा आहे.

गोष्टींचंही तसंच. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं आजी म्हणायची. शहरातली मुलं दुपारी दोनला येतात कारण त्यांना पाचची एसटी धरायची असते. म्हातारी माणसं मग काहीतरी थोडंसं सांगतात, पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून. तेवढंच नेटवर जातं आणि आमची कथा तेवढीच असं ठरून जातं.

ज्यांना खरंच हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी, मी चुका करून शिकले त्या दोन गोष्टी. फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची जी सोय असते, ती थाळीच्या घुमाऱ्याला गोंगाट समजते. माझी पहिली पाच-सहा रेकॉर्डिंगं अशी वाया गेली. थाळकराचा आवाज आहे, थाळी नाही, जणू माणूस अधांतरी बोलतोय. ती सोय बंद करा. आणि हुंकार द्या. एक विद्यार्थिनी आली होती, रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून ती श्वास रोखून गप्प बसली. बाबा पाचव्या ओळीला थांबले. विचारलं, "ऐकतेस का निजलीस?" हुंकार मिळाला नाही तर कथा पुढे जात नाही. नंतर संपादन करताना तो 'हं… हं…' कापूही नका, तोही कथेचाच भाग आहे. हुंकार देणाऱ्याचं नावही लिहा.

इंटरनेटच हवं असंही नाही. आमच्या कितीतरी पाड्यांवर अजून रेंज टेकडीवर चढलं तरच येते. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० साली सीजीनेट स्वर सुरू केलं, त्यात साध्या फोनवरून गोंडीतसुद्धा बोलून ठेवता येतं आणि दुसऱ्याने ठेवलेलं ऐकता येतं. आमचं तर त्याहून साधं आहे. मेमरी कार्ड. एक पाड्यावर, एक शाळेत, एक माझ्याकडे. बाजाराच्या दिवशी कोणीतरी स्पीकर आणतो आणि देवळापुढे लोक ऐकत बसतात. मागच्या वर्षी असं ऐकताना एका बाईला आपल्या गेलेल्या सासऱ्याचा आवाज सापडला. मागे कोणीतरी खोकतं ना, तो खोकला त्यांचा. कथा सांगणारा दुसराच होता. ती पुन्हा पुन्हा तो खोकला लावायला सांगत होती.

घाई खरोखर कुठे करायला हवी, तेही सांगते. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला वारल्यांवर गोळीबार झाला. वेठबिगारीविरुद्धचं, लग्नगड्यांच्या, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्यांच्या, मुक्तीचं ते आंदोलन. गोदावरी परुळेकरांमुळे त्याचा इतिहास लिहिला गेला, ते मोठं काम. पण त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे. त्याने झाडामागून काय पाहिलं, रात्री आई कुठल्या वाटेने घेऊन गेली, परत आल्यावर सावकाराच्या खळ्यावर काय झालं, हे पुस्तकात नाही. पुढच्या काही पावसाळ्यांत ते कोणाकडेच नसेल. यासाठी उद्या निघा. पण रेकॉर्ड करण्याची घाई करा, टाकण्याची नको. टाकायला पुढची पिढी आहे.

मागणी म्हणाल तर फार नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. विद्यापीठांचे मानववंशशास्त्राचे, मराठीचे, लोकसाहित्याचे विभाग आहेत. पीएचडी झालेली माणसं आहेत, त्यांच्या घरी खोकी आहेत. या सगळ्यांकडे मिळून आमच्या किती आजोबा-आज्यांचे आवाज आहेत, त्याची नुसती यादी करा. कुठल्या पाड्यावर, कुठल्या साली, कोणाचा आवाज. ती यादी मराठीत छापा आणि त्या त्या तालुक्याच्या आश्रमशाळांना, ग्रामसभांना पाठवा. मग ज्याचं त्याला आधी परत द्या. ऐकल्यावर तो पाडा सांगेल, यातलं काय जगाला द्यायचं. माझा अनुभव असा की बरंचसं द्या म्हणतात. लोक कंजूस नाहीत. विचारलं की हो म्हणतात. आणि सरकार यापुढे ज्या कामाला पैसे देईल त्यात पहिली कॉपी पाड्याला, ही अट घाला. पैसे देणाऱ्याने घातलेली अट पाळली जाते, एवढं शाळेत राहून कळलं आहे.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या प्रसंगानंतर दोन वर्षं तिने मला काही रेकॉर्ड करू दिलं नाही. मीही विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर, नवं झाल्यावर, तिनेच हाक मारली, म्हणाली तुझा फोन आण. कणसरीच्या कथेतला बायकांच्या तोंडचा भाग तिला येतो, तो तिने तीन रात्री सांगितला. भाच्याने हुंकार दिला. नेटवर टाकू का, हे मी यावेळी विचारलं. म्हणाली, आत्ता नको, पुढच्या साली विचार. कार्ड तिच्या लोखंडी पेटीत आहे, लुगड्याच्या घडीत. यंदा भात आलं की विचारीन.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती. १९७० ते २००० या काळात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, पेठ, सुरगाणा या भागात कोणी रेकॉर्डिंगला आलं असेल, किंवा तुमच्या वडिलांच्या, बहिणीच्या कपाटात अशा कॅसेटी पडल्या असतील, तर फेकू नका. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो कळवावा. पोस्टाचा खर्च आम्ही देऊ, कॅसेट उतरवून घेऊन मूळ परत पाठवू. वरच्या चिठ्ठीवरची शाई उडाली असेल, गावाचं नाव लागत नसेल, तरी पाठवा. आम्ही लावून ऐकू. थाळीवरून थाळकर ओळखणारी माणसं अजून आहेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जव्हार, जि. पालघर